अव्वाची चिमणी आणि मिसबाबाचे कावळे

सात रस्त्याला मी साठ वर्षं राहते आहे, आणि रस्ते मोजून सात भरलेत असं एकदाही झालेलं नाही. एक रंगभवनकडे, एक मोदीकडे, एक रेल्वे लाइन्सकडे, एक पुढं विजापूर रोडला लागतो. इथवर बोटं बिनतक्रार मुडपतात. त्यानंतर अमका बोळ धरायचा की नाही यावर आमच्या घरात दोन तट आहेत. माझे सहा होतात, यजमानांचे आठ. नातू म्हणतो, "आजी, ते गोष्टीतले सात आहेत." त्याचं बरोबर असावं. सात समुद्र, सात राण्या, विहिरीवरच्या साती आसरा, कुणी कधी मोजायला गेलंय?

याच चौकातल्या एका झेरॉक्सच्या दुकानातून गेल्या पावसाळ्यात मी एक पुस्तक छापून आणलं. भाच्यानं ते इंटरनेटवरून उतरवून पेनड्राइव्हवर दिलं होतं. दोन्ही बाजूंनी छपाई आणि स्पायरल बाइंडिंग. दुकानातल्या पोरानं घाईत एक गठ्ठा उलटा लावला, त्यामुळे माझ्या प्रतीतला वाघ निम्मा सुलटा पळतो आणि निम्मा डोकं खाली पाय वर. "आजी, कशाच्या नोट्स आहेत?" पोरानं विचारलं. म्हटलं, "परीकथांच्या." तो हसला. पण बाइंडिंगचे पैसे घेतले नाहीत.

पुस्तकाचं नाव 'ओल्ड डेक्कन डेज'. म्हणजे जुन्या दख्खनच्या गोष्टी. लंडनच्या जॉन मरे यांनी १८६८ साली काढलं. डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीसीज' याच मरेंनी नऊ वर्षं आधी छापलेलं. चोवीस गोष्टी. गोळा करणारी मेरी फ्रिअर, मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची मुलगी. प्रस्तावना आणि टिपा वडिलांच्या, चित्रं बहीण कॅथरीनची. म्हणजे पुस्तक तसं घरचंच कार्य. फक्त गोष्टी घरच्या नव्हत्या. त्या सांगितल्या मेरीच्या आयेनं, अ‍ॅना लिबेराता डिसोझानं.

मी चौतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. ग्रिम, अँडरसन, ॲलिस, 'जंगल बुक', सगळं मुलांना सांगितलं. हे पुस्तक मात्र मला निवृत्तीनंतर दहा वर्षांनी कळलं. याची लाज वाटली, आणि मग मी ते एखाद्या तपासनीसासारखं पेन्सिल घेऊन वाचलं.

पहिला आनंद नावांचा. 'सेव्हन्टी बाई' वाचून मला वाटलं, सत्तर वर्षांच्या बाईची गोष्ट, आपल्याच वयाची. दोन ओळी पुढं खुलासा आला की ही डेझीच्या फुलाची बाई. अगं, ही तर शेवंती! शेवंतीबाई. पुरुषाचा वेष करून घोड्यावर निघते, मोठ्या नागाच्या मुलीला, हिराबाईला, घेऊन येते. असंच 'पंच-फूल रानी' म्हणजे पाचफुलाराणी, 'चुंदुन राजा' म्हणजे चंदनराजा, 'लक्समन' कोण ते सांगायला नकोच. इंग्रजी स्पेलिंगच्या झग्यात आपल्याच आळीतल्या बायका उभ्या. ओळख पटायला जरा वेळ लागतो, पटली की हसू येतं.

दुसरा आनंद चिमणीचा. तिच्यापाशी मी थांबणार आहे.

आमच्या आजीला सगळं घर अव्वा म्हणायचं. अक्कलकोट तालुक्यातलं माहेर. देवाशी कानडीत बोलायची, आमच्याशी मराठीत, आणि राग आला की दोन्ही भाषा एकाच वाक्यात. तिची चिमणी म्हणजे शिस्तीची बाई. मेणाचं घर, चूल सारवलेली, पोरं न्हालेली. बाहेर धो धो पाऊस, कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलेलं, तो दार वाजवतोय. चिमणी आतून एकेक काम सांगते. पोराला न्हाऊ घालायचंय, काजळ घालायचंय, झोपवायचंय. कामं कितीही वाढवता यायची. आमचे डोळे मिटेपर्यंत अव्वा चिमणीला कामाला लावायची. शेवटी दार उघडतं, भिजलेला कावळा ऊब घ्यायला चुलीपाशी जातो आणि शेकून काळा होतो. "तवाधरनं काळा हाय बगा त्यो," अव्वा म्हणायची. कावळ्याचं काही चुकलं असं आम्हाला वाटत नसे, पण चिमणीचं चुकलं असं तर मुळीच वाटत नसे. घरात पोरं असलेली बाई दार लगेच कशी उघडेल?

अ‍ॅनाच्या गोष्टीत घरं मेणाची आणि शेणाची नाहीत. चिमणीचं घरटं लोकरीचं अस्तर लावलेलं, ऊन-पाऊस न लागणारं. कावळ्याचं चार काटक्यांचं, निवडुंगाच्या कुंपणावर. या निवडुंगानं मला गोष्टीचा मुलूख दाखवला. लंडनच्या मुलाला तो चित्रातच दिसला असेल; आमच्याकडं मोहोळ-मंगळवेढ्याच्या वाटेवर बांधाबांधाला असायचा. पाऊस आला, घरटं गेलं, काटे डोळ्यांत टोचायला लागले, म्हणून कावळा-कावळी आसरा मागतात. इथली चिमणीही कामं सांगते : स्वैपाक चाललाय, जेवते आहे, भांडी घासते आहे, झाडते आहे, अंथरुणं घालते आहे. उद्याचं जेवण करून झाकून ठेवते, पोरं निजवते, स्वतः निजते आणि मग म्हणते, या आता. कावळे येतात. सगळी झोपल्यावर ते उद्याचं झाकलेलं जेवण उचलतात आणि उडून जातात. गोष्टीच्या मथळ्यातच निकाल आहे : स्वार्थी चिमणी आणि बेघर कावळे.

मी पेन्सिल खाली ठेवली. तीच गोष्ट, तोच पाऊस, कामांची तशीच माळ, आणि न्याय बरोबर उलटा. हा उलटा न्याय मिसबाबानं, म्हणजे मेरीनं, घातला असेल, असा माझा पहिला समज. विलायती नीतिपाठ चिकटवला असणार! पण मेरी लिहिते की गोष्ट ऐकल्यावर ती उतरवून काढायची आणि पुन्हा अ‍ॅनाला वाचून दाखवायची, बरोबर आहे ना म्हणून. ते खरं मानलं, आणि न मानायला माझ्याकडं कारण नाही, तर चिमणीला स्वार्थी ठरवणारी अ‍ॅनाच असेल. आणि अ‍ॅनाचं आयुष्य वाचल्यावर ते पटतंही.

पुस्तकाच्या सुरुवातीला 'सांगणारीची हकिगत' म्हणून एक प्रकरण आहे. माझ्या मते ते सगळ्या चोवीस गोष्टींहून सरस. अ‍ॅनाच्या आजोबांचं घराणं लिंगायत. कालिकतला राहणारं, तिथून गोव्याकडं गेलं. तिथं आजोबा बायकापोरांसकट ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या बापानं सगळ्यांना घराबाहेर काढलं. आजोबा इंग्रजांच्या फौजेत हवालदार. टिपूशी लढाई झाली तेव्हा आजी पलटणीच्या मागं चालत राहिली. उंच, देखणी, दणकट बाई. नातीला तिनं टिपूच्या, वेलस्ली साहेबाच्या, मन्रो साहेबाच्या हकिगती सांगितल्या आणि त्याच दमात राक्षसांच्या आणि राण्यांच्या. अ‍ॅनाच्या गोष्टी या आजीच्या. पुढं अ‍ॅनाचा नवरा गेला, ती साहेबलोकांकडं आया म्हणून राहिली, ऐकून ऐकून इंग्रजी शिकली. एकुलता एक मुलगा पुण्याच्या नदीत बुडून गेला. ज्या बाईच्या घराण्याला एकदा घराबाहेर काढलेलं आहे आणि जिचा जन्म दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याची पोरं निजवण्यात गेला, ती दाराबाहेरच्या कावळ्याची बाजू घेणारच. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण तपासनीस म्हणून मी त्याला चांगले गुण देईन.

मन्रोचं नाव वाचून मात्र मी खिडकीबाहेर बघितलं. टॉमस मन्रोनं सोलापूर घेतलं ते मे १८१८ मध्ये. पेशव्यांची उरलीसुरली फौज किल्ल्याशी मोडली ती त्याच्यासमोर. मग इथं छावणी बसली, आणि लष्कर, सदर बझार ही नावं तेव्हापासून आमच्या पत्त्यांत शिरली. सात रस्ता त्याच बाजूचा. आमच्या शाळेच्या इतिहासात मन्रो दोन ओळींचा. अ‍ॅनाच्या आजीला तो राक्षसांच्या शेजारी बसवता येण्याइतका जवळचा होता.

आता तो हिवाळा बघा, १८६५-६६ चा. गव्हर्नरसाहेबांची स्वारी दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर निघालेली. तंबू, हत्ती, उंट, शेकडो माणसं. आई विलायतेत, म्हणून वीस वर्षांची मेरी वडिलांबरोबर. सगळ्या लवाजम्यात बायका दोनच, मिसबाबा आणि तिची आया. दुपारी करायला काही नाही. मेरी म्हणाली, गोष्ट सांग. त्याच हिवाळ्यात लंडनच्या दुकानांत 'ॲलिस इन वंडरलँड' नवंकोरं आलेलं. आणि ३० डिसेंबर १८६५ ला मुंबईत किपलिंग जन्मला. त्यालाही पुढं गोव्याकडची ख्रिस्ती आयाच सांभाळणार होती. इंग्रजी बालवाङ्मयाचा सुवर्णकाळ म्हणून आम्ही बी. ए. ला जे पाठ केलं, त्यातलं बरंचसं पाळण्याशेजारी बसलेल्या अशा बायकांच्या तोंडून आलेलं आहे. पेपरात तसं लिहिलं असतं तर गुण मिळाले नसते.

अशा पुस्तकांना मागणीही तशीच होती. ग्रिमच्या गोष्टी इंग्रजीत १८२३ ला आल्या, अँडरसनच्या १८४६ ला. किंग्जलीचे 'वॉटर बेबीज' १८६३ चे. तिथल्या मध्यमवर्गाच्या घरात मुलांसाठी वेगळी खोली आणि त्या खोलीत वेगळी पुस्तकं, ही रीत नवीनच रुजत होती. मेरीच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती दोनच वर्षांत निघाली. पहिल्या आवृत्तीनंतर अकरा वर्षांनी हीच तऱ्हा कलकत्त्याला झाली. व्हिटली स्टोक्स नावाच्या साहेबाची लहान मुलगी मेव्ह हिनं आयांकडून आणि खिदमतगाराकडून ऐकलेल्या गोष्टी १८७९ ला 'इंडियन फेअरी टेल्स' म्हणून आल्या. फेअरी या शब्दाची गंमत अशी की अ‍ॅनाच्या गोष्टींत गर्दी आहे ती दुसऱ्यांचीच. राक्षस आहेत, नाग आहेत, बोलकी घुबडं आहेत. परी हा शब्द आपल्याकडं फारसीतून आला. आपलं खरं माणूस आसरा, म्हणजे अप्सरा. आमच्या होटगी रोडला आसरा चौक आहे, पण तो घरांच्या सोसायटीवरून. पाहुण्यांना मी मुद्दाम सांगत नाही.

या गोष्टींतली सगळ्यात लांब गेली ती 'पंचकिन'. जादूगार मरत नाही, कारण त्याचा जीव दूर रानात, ताडांच्या रिंगणात, पाण्याच्या सहा घागरींखाली पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटात. पोपटाचा पंख मोडला की जादूगाराचा हात गळतो, पाय मोडला की पाय. फ्रेझरनं 'गोल्डन बाऊ' या जाडजूड ग्रंथात शरीराबाहेर ठेवलेल्या जिवाची चर्चा करताना ही गोष्ट पुराव्याला घेतली. जोसेफ जेकब्जनं १८९२ च्या आपल्या संग्रहात ती पुन्हा छापली. तिकडं पंडित रशिया-नॉर्वेपर्यंत तिचे भाऊबंद शोधत होते. इकडं आम्ही रोजच्या बोलण्यात म्हणतच होतो, त्याचा जीव पोपटात आहे. माझ्या यजमानांचा जीव मोबाइलच्या चार्जरमध्ये आहे.

याच संग्रहात एक सोदेवाबाई आहे. हिचा जीव जन्मतःच गळ्यात असलेल्या हारात, आणि हिची सोन्याची मोजडी डोंगरावरून घसरून रानात पडते. ती राजपुत्राला सापडते आणि तो मोजडीवरून बाई शोधत येतो. सिंड्रेला शिकवताना मी चौतीस वर्षं मुलांना काचेच्या बुटाचं कौतुक सांगितलं. काचेचा बूट घालून कुणी चालेल का, असं एका मुलीनं विचारलं होतं. तिला तेव्हा गप्प बसवलं. मोजडी माहीत असती तर बसवलं नसतं.

मग आपले लोक तेव्हा काय करत होते? लिहीत होतेच की. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. मेरीचं पुस्तक निघालं त्याच १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' निघाली. विमानं, राजकन्या, विरह, योगायोग. अद्भुताची नुसती आतषबाजी. म्हणजे चमत्काराचं वावडं कुणालाच नव्हतं. फक्त तो बगदादहून यायला हवा होता किंवा संस्कृतानं नटलेला हवा होता. स्वैपाकघरात पोराला भरवताना सांगितलेली चिमणी ही छापायची वस्तू आहे, असं पुण्या-मुंबईच्या विद्वानांच्या मनात लवकर आलं नाही. हे मी चिडून लिहीत नाही. माझ्याही मनात आलं नव्हतं.

१९१४ मध्ये किंकेड नावाच्या सनदी साहेबानं आपल्या व्रतांच्या कहाण्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' म्हणून छापल्या, चित्रं धुरंधरांची. त्यात बहुतेक गोष्टी ॲटपॅट नावाच्या गावात घडतात. आटपाट नगर होतं, हे साहेबानं नकाशावरचं नगर समजून घेतलं. आधी मी खूप हसले. मग विचार आला, आटपाट म्हणजे नक्की काय, हे मला तरी सांगता येईल का? श्रावणात दर वर्षी म्हणते, कधी विचारलं नाही.

उलट दिशेचा प्रवासही झाला, आणि तो देखणा झाला. भा. रा. भागवतांनी ॲलिसला 'जाईची नवलकहाणी' मध्ये जाई करून टाकलं. मी शाळेत जाईच आधी वाचली, ॲलिस नंतर, त्यामुळे इंग्रजी ॲलिस मला कायम जाईची नक्कल वाटत आली. दुर्गाबाई भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी लोककथा, ओव्या गोळा करण्यात आयुष्यं घातली. तोवर अ‍ॅनानं गोष्टी सांगून शंभरेक वर्षं होत आली होती.

अव्वाचं एक सांगायचं राहिलं. ती रेल्वे लाइन्समधल्या एका बंगल्यावर आया होती. लग्नानंतर, धाकटा काका पोटात असतानाही, १९४० च्या आसपास. रेल्वे सोलापुरात १८६० ला आली आणि तिच्यामागं हे बंगले, त्यांच्यामागं आमच्यासारख्यांची चाकरी. साहेबाची दोन पोरं होती. अव्वा त्यांना "बाबालोक" म्हणायची. तिला इंग्रजीचे शब्द येत होते ते सगळे आज्ञार्थी : कम, ईट, स्लीप, डोन्ट. आम्ही विचारायचो, त्यांना कोणत्या गोष्टी सांगायचीस? "ह्याच की. दुसऱ्या कुठनं आणू?" पण कोणत्या भाषेत? यावर ती हात हलवायची, माशी उडवल्यासारखा. साहेब १९४७ मध्ये गेला. बाबालोक विलायतेत कुठंतरी म्हातारे झाले असतील, नाहीतर संपलेही असतील. त्यांच्यातल्या एखाद्यानं आपल्या नातवाला शेकून काळ्या झालेल्या कावळ्याची गोष्ट सांगितली असेल, तर ती कुणाची म्हणून सांगितली असेल?

'ओल्ड डेक्कन डेज'च्या नावाच्या पानावर एम. फ्रिअर आहे. अ‍ॅनाला तिची हकिगत मिळाली, तिचं चित्रही आत आहे, त्या काळाच्या मानानं हे पुष्कळच. मेरीनं निदान तिचं पूर्ण नाव लिहून ठेवलं. मी अव्वाचं काहीही लिहून ठेवलं नाही. ती १९७१ ला गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची, लिहिता-वाचता येणारी, वर्गात पहिली येणारी मुलगी होते.

अ‍ॅनाच्या गोष्टींत एक कुंभार आहे. पावसाच्या रात्री एक वाघ म्हातारीच्या झोपडीच्या आडोशाला बसतो. छप्पर गळतंय, म्हातारी कावली आहे, या टिपटिपीनं जीव नकोसा केला म्हणते. वाघाला वाटतं, टिपटिप हा कुणीतरी आपल्याहून भयंकर प्राणी. तेवढ्यात दारू प्यालेला कुंभार हरवलेलं गाढव शोधत येतो, वाघालाच गाढव समजून कान धरतो, बदडतो, त्याच्यावर बसून घरी जातो आणि खुंटाला बांधतो. माझ्या प्रतीत उलटी छापली गेलेली पानं नेमकी हीच. ती उलटी धरून वाचताना मला अव्वाचा आवाज आला. तिच्याही गोष्टीत हा वाघ होता, आणि म्हातारीच्या तोंडी टिपटिपीचं एक कानडी यमक होतं, चार शब्दांचं. त्यावर आम्ही सगळी पोरं खदाखदा हसायचो. ताल आठवतो, शब्द एकही आठवत नाही. धाकट्या काकांना विचारलं, माहेरच्या गावी फोन केला. नाही.

अक्कलकोट, दुधनी, मैंदर्गी, इंडी या बाजूला कुणाच्या घरात एखाद्या म्हातारीला हे यमक येत असेल, तर ते आजच उतरवून घ्या. सांगणारीचं पूर्ण नाव आणि गाव वर लिहा, आपलं खाली. आणि त्याची एक झेरॉक्स मला पाठवा, पानं उलटी आली तरी चालतील.